झाकली मूठ

घरात काचेचा पेला फुटला, की आतल्या खोलीतून पहिला प्रश्न येतो, "कोणी फोडला?" पेला टेबलाच्या कडेला का ठेवला होता, फरशी ओली कशी राहिली, हे प्रश्न मागाहून येतात, पुष्कळदा येतच नाहीत. एखाद्या लेकराच्या पाठीत धपाटा बसतो आणि चौकशी संपते. त्या दिवशी ते लेकरू एक धडा शिकते, पण तो पेला जपण्याचा नसतो. पुढच्या वेळी काचा केराच्या टोपलीत तळाशी कशा दडवाव्यात, हा तो धडा असतो.

कारखाना, इस्पितळ, रेल्वे, गोदी यांतही हेच घडते. तेथे दडवलेल्या काचा मात्र दुसऱ्याच कोणाच्या पायात शिरतात.

१ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ५१४ क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत होते. हवा वादळी होती. नियंत्रकाने विमानतळाकडे येण्याची अनुमती दिली. आता १,८०० फुटांपर्यंत खाली यावयास हरकत नाही, असा वैमानिकांनी तिचा अर्थ घेतला. वाटेत डोंगर होता. विमान व्हर्जिनियातील माउंट वेदरवर आदळले आणि आतील ९२ जणांपैकी एकही वाचला नाही. चौकशी मंडळाने वैमानिकांचा निर्णय हे कारण नोंदवले. परंतु नियंत्रणाच्या कार्यपद्धतीतील संदिग्धतेमुळे तो गैरसमज झाला, हेही त्याच अहवालात लिहिले.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. सुमारे सहा आठवडे आधी, त्याच ठिकाणी, युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांचा असाच गैरसमज झाला होता. ते थोडक्यात बचावले. त्यांनी ती चूक आपल्या कंपनीस प्रामाणिकपणे सांगितली आणि कंपनीने आपल्या इतर वैमानिकांना सावध केले. पण ती वार्ता कंपनीच्या कुंपणाबाहेर गेली नाही. एकाने मूठ उघडली होती. ती पाहण्यास दुसरा तेथे नव्हता.

यातून एक व्यवस्था उभी राहिली. १९७५ साली अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने वैमानिकांना आपापल्या चुका कळविण्याचे आवाहन केले. परंतु ज्याच्या हाती छडी, त्याच्याच कानात कबुली कोण देणार? म्हणून १९७६ साली हे काम नासाकडे सोपविण्यात आले, कारण नासाला कोणाचा परवाना रद्द करण्याचा अधिकार नव्हता. आलेल्या पत्रावरील नाव काढून घेतले जाते आणि त्यातील धोका तेवढा सर्वांना कळविला जातो. दहा दिवसांच्या आत प्रामाणिकपणे कळविणाऱ्यास, चूक अजाणता घडली असल्यास, दंडापासून संरक्षण मिळते. हेतुपुरस्सर केलेल्या कृत्याला आणि गुन्ह्याला मात्र हे छत्र नाही.

येथे एक प्रामाणिक शंका उभी राहते. ज्याच्या चुकीने कोणाचा हात तुटला, कोणाचा जीव गेला, त्याला दंड न करणे हा त्या पीडितावर अन्याय नव्हे काय? शंका रास्त आहे. जाणूनबुजून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारा आणि थकव्याने डोळा लागलेला, हे दोघे एका तराजूत बसत नाहीत. पहिल्याला जाब विचारलाच पाहिजे. तसाच तो यंत्राचे संरक्षक कवच काढून ठेवावयास सांगणाऱ्या मालकालाही विचारला पाहिजे. 'कोणालाही दोष देऊ नका' हे वाक्य त्याच्या बचावाचे कुलूप होता कामा नये. पण दुसऱ्याला दंड करून काय साधते? उद्या त्याच यंत्रावर दुसरा माणूस उभा राहतो आणि यंत्र आहे तसेच असते. पीडिताचे ऋण सूडाने फिटत नाही. त्याच्यानंतर त्या जागी उभ्या राहणाऱ्याला सत्य सांगितले, तरच ते काही अंशी फिटते.

शिलोहातील बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले, तो प्रसंग लूकच्या शुभवर्तमानात आहे. ते मृत इतरांहून अधिक अपराधी होते, हा समज प्रभू येशूने नाकारला आणि ऐकणाऱ्यांची दृष्टी त्यांच्या स्वतःकडे वळविली. मेलेल्यांचा दोष शोधणे सोपे असते, कारण त्यात जिवंतांना बदलावे लागत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. अब्रूच्या बाबतीत ते खरे असेल. पण जेथे माणसे यंत्राशी, विजेशी, औषधांशी झुंजतात, तेथे झाकलेली मूठ कोणाच्या तरी प्राणांची किंमत घेते. ती उघडावी असे वाटत असेल, तर समोरचा हात उगारलेला असून चालणार नाही. आपल्यापैकी कोणी मुकादम आहे, कोणी परिचारिका, कोणी चार कामगारांचा लहानसा मालक. उद्या एखादा कामगार येऊन "माझ्याकडून चुकले" म्हणेल, तेव्हा त्याला आधी "लागले तर नाही ना?" असे विचारावे, आणि मग, "ही चूक होण्याजोगी जागा मी तुला का दिली?" हे स्वतःला.