आठ आठवडे एकच ताट

चि. नातीस,


तुझ्या मोत्याने पंजे चाटून चाटून तांबडे केलेत, कानालाही वास येतो, हे काल तुझ्या आईकडून कळलं. तू त्याच्या खाण्याचं दुसरं पाकीट मागवतेयस म्हणे. थांब जरा. डोंबिवलीत आमच्या कुत्र्याचं, राजाचं, असंच झालं तेव्हा आम्ही पावसाळ्याला दोष दिला आणि एकामागून एक तीन पाकिटं बदलली. तिसऱ्यावर ठळक अक्षरांत ‘लँब’ होतं. चष्मा लावून मागची बारीक यादी वाचली, तर त्यातही कोंबडीची भुकटी!

आधी डॉक्टरांकडून पिसवा, गोचीड, खरूज आणि कान तपासून घे. खाज बरेचदा त्यांचीच असते. अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्ततपासणीवर मात्र पैसे घालू नकोस, ती भरवशाची नाही. 2016 साली अशी अ‍ॅलर्जी असलेल्या 297 कुत्र्यांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. त्यांत बाधणाऱ्या पदार्थांमध्ये गोमांस पहिलं, मग दूध, कोंबडी, गहू. आपल्या घरांत गोमांस नसतं, पण बाकीचं बघ ना, आपली दूध-पोळी आणि चिकन-भातच की! वर्षानुवर्षं जे खाल्लं, तेच बाधू शकतं.

म्हणून मोत्याने जन्मात न चाखलेलं काहीतरी निवडायचं. राजाने मासा कधी खाल्ला नव्हता. डॉक्टरांनी उकडलेला, काटे काढलेला मासा आणि रताळं सांगितलं. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर अजिबातच नाही, ते कुत्र्यांना विषारी. आठ आठवडे एवढंच. नेहमीसाठी हे पुरत नाही, कॅल्शियम वगैरे कमी पडतं, ते पुढे डॉक्टरांना विचारूनच ठरव.

अवघड असतात ती माणसं. सहाव्या आठवड्यात वॉचमनकाकांनी प्रेमाने ग्लुकोजचं बिस्किट दिलं. त्यात गहू आणि दूध दोन्ही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! मग मी जिन्यात चिठ्ठी लावली, घरोघरी जाऊन हात जोडले. जंताची चघळायची गोळीसुद्धा बिनचवीची मागून घे, चवीच्या गोळीत मांस असू शकतं.

आठ आठवड्यांनी राजाचे पंजे कोरडे झाले. मला वाटलं, संपलं. डॉक्टर म्हणाले, आता मुद्दाम कोंबडी द्या. माझा हात धजेना. तरी दिली. चौथ्या रात्री अंधारात त्याच्या चाटण्याचा चपचप आवाज आला, आणि आम्ही दोघं उठून बसलो. नाव सापडलं होतं.

तुझा,
आजोबा