दुविधा, पहेली आणि गोष्टीवरचा हक्क

मराठी सिनेमाची चर्चा कुठेही निघाली, पटकथेच्या कार्यशाळेत, महोत्सवातल्या परिसंवादात किंवा निर्मात्याच्या ऑफिसात, की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. आपला समाज गोष्टीवर पोसलेला आहे. कीर्तन, पोवाडा, तमाशातला वग, श्रावणातल्या कहाण्या, सगळीकडे गोष्टच आहे. म्हणून बांधेसूद गोष्ट सांगणारा दिग्दर्शक परंपरेचा वारस. आणि कथानक थांबवून भिंतीवरच्या उन्हाकडे पाहत बसणारा दिग्दर्शक म्हणजे परदेशी महोत्सवांवर डोळा ठेवून उसनवारी करणारा. हे मत इतक्या ठामपणे सांगितलं जातं की तरुण मुलंमुली आपल्या पटकथेतली सगळ्यात जिवंत पानं ‘कथा पुढे नेत नाहीत’ म्हणून स्वतःच्या हातानं फाडतात. मला हा युक्तिवाद घातक वाटतो. सिनेमाबद्दल तो काय म्हणतो हे बाजूला ठेवू. परंपरेबद्दलच तो धादांत चुकीचं सांगतो.

नारदीय कीर्तनाला बसलेल्या माणसाला हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे ठाऊक असतं. बुवा पूर्वरंगात अभंग सोडवतात, उत्तररंगात आख्यान लावतात, आणि आख्यान ऐन रंगात आलेलं असताना ते थांबवून एका ओळीवर दहा मिनिटं रेंगाळतात. कुणी तक्रार करत नाही, कारण शेवट कळावा म्हणून कुणी आलेलंच नसतं. फाळक्यांनी १९१३ साली पहिल्या चित्रपटासाठी हरिश्चंद्रच निवडला. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला, तेव्हा तुकाराम वैकुंठाला जातो हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. तरी तो चित्रपट मुंबईत वर्षभराहून जास्त चालला. लोक तुकाराम झालेल्या पागनीसांचा चेहरा पाहायला येत होते, गौरीच्या जिजाईचा संताप आणि त्याच्याआडची माया पाहायला येत होते. दामले आणि फत्तेलाल दोघंही कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडलेले, रंग आणि पडद्यांत वाढलेले कलावंत होते. ‘माया दर्पण’ करणाऱ्या कुमार शहानींनी पुढे ‘संत तुकाराम’ काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीच्या संतपटांवर अतिशय आस्थेनं लिहिलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजातली चित्रकथीची परंपरा आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची कागदावरची चित्रं, त्यांची पोथी, आणि एकेक चित्र समोर धरून वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीनं सांगितलेली कथा. या कलेची प्रत्यक्ष रीत नीट पाहायला हवी. चित्र स्थिर असतं, हलतो तो आवाज. गाणारा युद्ध सांगतो, विलाप सांगतो, मधेच चढतो, मधेच खाली येतो, आणि डोळ्यांसमोर तेच एक चित्र राहतं. ऐकणाऱ्याची नजर त्या चित्रात फिरत राहते. राजस्थानातली पाबूजीची पड, म्हणजे पाबूजी या लोकदेवाची गाथा रंगवलेलं कापड, याच्याही पुढे जाते. त्या लांबलचक कापडावर प्रसंग कथेच्या क्रमानं नसतातच. रात्री भोपा हा कथागायक गात असतो आणि त्याची जोडीदार भोपी हातातल्या दिव्यानं त्या त्या प्रसंगावर उजेड धरते. पुढचा प्रसंग कापडाच्या भलत्याच टोकाला असू शकतो.

आता कार्यशाळांमधून परंपरा म्हणून जे शिकवलं जातं ते पाहा. तीन अंक, पंचविसाव्या पानाच्या आसपास पहिलं वळण, नायकाचं उद्दिष्ट, चढत जाणारा ताण, उत्कर्षबिंदू. हा आराखडा सिड फील्ड या अमेरिकन शिक्षकानं १९७९ साली पुस्तकातून लोकप्रिय केला. तो उपयोगी आहे, त्यावर उत्तम चित्रपट उभे राहिले आहेत. पण त्याला आजीच्या गोष्टीचं नाव देऊ नये.

एकच गोष्ट दोन दिग्दर्शकांनी सांगितली तर हा फरक स्पष्ट दिसतो, आणि सुदैवानं असं उदाहरण आपल्याकडे आहे. राजस्थानातल्या बोरुंदा गावचे विजयदान देथा यांनी लोककथा ऐकून, आपल्या लेखणीतून काढून नव्यानं मांडल्या. त्यातली एक ‘दुविधा’. व्यापाऱ्याचा मुलगा लग्न करून येतो आणि लगेच पाच वर्षांसाठी धंद्याला परदेशी निघून जातो. वाटेतल्या झाडावरचं भूत नव्या नवरीवर जीव लावून बसलेलं असतं. ते नवऱ्याचं रूप घेऊन घरी येतं, पण तिच्यापाशी खोटं बोलत नाही. आपण कोण आहोत ते सांगतं आणि निर्णय तिच्यावर सोडतं. ती त्याला स्वीकारते. मूल होण्याच्या सुमारास खरा नवरा परत येतो. दोन नवऱ्यांचा निवाडा एक मेंढपाळ करतो, भुताला कातडी छागळीत शिरायला लावून तिचं तोंड बांधून टाकतो.

मणी कौल यांनी १९७३ साली यावर ‘दुविधा’ केला, अमोल पालेकरांनी २००५ साली ‘पहेली’. ‘पहेली’ची पटकथा संध्या गोखले यांची, नायक शाहरुख खान, मेंढपाळ अमिताभ बच्चन. त्या वर्षी भारतानं ऑस्करसाठी तोच पाठवला. पालेकरांनी राजस्थानी कठपुतळ्यांची जोडी निवेदक म्हणून घेतली आहे, तिला नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक-शाह यांचे आवाज आहेत. लोकपरंपरेची ही खूण पडद्यावर ठळक दिसते. पण बाहुल्या बाजूला झाल्या की चित्रपट आपल्या ओळखीच्या रीतीनं चालतो: आता काय होणार, घरच्यांना कळणार का, नवरा केव्हा येणार. प्रत्येक दृश्य पुढच्या दृश्याकडे बोट दाखवतं.

‘दुविधा’त बाहुल्या नाहीत. पांढऱ्या भिंती आहेत, लाल ओढणी आहे, आणि अनेकदा गोठवून ठेवलेली चौकट आहे. पात्रं फारशी बोलत नाहीत. त्यांच्या मनातलं निवेदनातून ऐकू येतं. चित्र थांबलेलं, आवाज पुढे चाललेला. ही तर चित्रकथीचीच रीत झाली. नवीन, दुर्बोध, युरोपी म्हणून ज्या चित्रपटाला हिणवलं गेलं, त्यानं गोष्ट सांगण्याची आपल्याकडची एक अतिशय जुनी तऱ्हा उचलली होती. कौल यांच्यावर फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँचा प्रभाव होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. पण ते डागरांकडे ध्रुपदही शिकले होते, आणि आलापात एका स्वराला किती वेळ द्यायचा याचं जे शिक्षण मिळतं ते त्यांच्या प्रत्येक शॉटमध्ये आहे.

या मार्गावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप सत्यजित राय यांचा होता, आणि त्याला उत्तर द्यायचं तर पळवाट काढून चालणार नाही. १९७१ आणि १९७४ सालच्या दोन लेखांत त्यांनी नव्या भारतीय सिनेमाचा हिशेब मांडला. दुसऱ्या लेखात चार चित्रपट आणि एक लघुपट होता: ‘गर्म हवा’, ‘माया दर्पण’, ‘दुविधा’, ‘अंकुर’, आणि विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’. कौल आणि शहानी यांच्यावर ते प्रसन्न नव्हते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की या दिग्दर्शकांचं सौंदर्यप्रेम नाजूक आणि भरकटलेलं आहे, त्यांच्या माणसांत रक्त नाही, आणि सिनेमासारखी खर्चिक कला प्रेक्षकाकडे पाठ करून जगू शकत नाही.

शेवटचा मुद्दा व्यवहाराचा आहे आणि तो खरा आहे. पहिले दोन मला मान्य नाहीत, आणि त्यातला पहिला खोडायला रायांचाच चित्रपट पुरेसा आहे. ‘पथेर पांचाली’च्या कादंबरीतला विस्कळीतपणा पटकथेत टिकवायला हवा, कारण गरीब बंगाली खेड्यातलं आयुष्यच तसं विस्कळीत असतं, असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे चित्रकला शिकलेला हा माणूस संपूर्ण पटकथेऐवजी रेखाटनांची वही घेऊन चित्रीकरणाला उभा राहिला. पावसाआधी तळ्याच्या पाण्यावर पळणारे किडे कथा कुठे नेतात? आणि चित्रपटाचा सर्वांत मोठा क्षण पाहा. मुलगी दुर्गा गेल्याचं ठाऊक नसलेला हरिहर घरी परततो, तिच्यासाठी आणलेली साडी पुढे करतो, आणि तिची आई सर्वजया कोसळते. कथेच्या दृष्टीनं इथे रडणं ऐकू यायला हवं. रायांनी तिचा आवाज काढून टाकला आणि त्या जागी तारशहनाई ठेवली. माणसाचा हंबरडा वाद्याच्या स्वरात गेला. जिथे भावना सर्वांत तीव्र, तिथेच त्यांनी वास्तवाची आणि निवेदनाची साथ सोडली. हे करणाऱ्यानं कौल यांना सौंदर्यवादी म्हणावं, याचं मला वाईट वाटतं. राय माझ्या सर्वांत आवडत्या दिग्दर्शकांपैकी आहेत, म्हणून जास्तच वाटतं.

रक्त नसण्याचा आक्षेप अधिक खोल आहे. ‘दुविधा’तली सून हसत-रडत नाही, तिच्या मनाचा चढउतार अभिनयातून दिसत नाही हे खरं. पण त्या घरात तिच्या मनाला विचारतंय कोण? नवरा लग्नाच्या रात्री हिशेबाच्या वह्यांत गढलेला आहे. सासऱ्याला मुहूर्त आणि नफा कळतो. तिनं काय वाटून घ्यायचं याला त्या घरात जागाच नाही. कौल यांनी तिचा चेहरा समोर ठेवून आपल्याला त्याच्याकडे पाहायला लावलं. त्या चेहऱ्यानं तत्काळ काही सांगितलं असतं तर आपण समजून घेऊन पुढे गेलो असतो.

इथवर आल्यावर मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. काव्यात्म सिनेमाचे समर्थक म्हणतात की गोष्ट हा अडथळा आहे, खरा सिनेमा गोष्टीतून सुटतो तेव्हा सुरू होतो. मग कौल आयुष्यभर काय करत होते? ‘उसकी रोटी’ आणि ‘आषाढ का एक दिन’ मोहन राकेशांचे, ‘दुविधा’ देथांचा, ‘सतह से उठता आदमी’ मुक्तिबोधांचा (घरात मराठी बोलणारा, हिंदीत लिहिणारा हा कवी आपल्याला थोडा तरी आपला वाटायला हवा), पुढे ‘नज़र’ आणि ‘अहमक’ दोस्तोयव्हस्कीचे. ज्याला गोष्टीचा शत्रू ठरवलं, तो माणूस दर वेळी कथाकारांच्या दारात गेला. थांबायचं तर आधी काहीतरी चाललेलं असावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. आज काव्यात्म म्हणून जे खपवलं जातं, धुकं, ड्रोनवरून दिसणारी नदी, खिडकीत गप्प बसलेली बाई, त्यात बरेचदा थांबण्यासारखं काहीच चाललेलं नसतं. लांबलचक शॉट हाही आता एक साचा आहे, सिड फील्डच्या पंचविसाव्या पानाइतकाच ठरीव.

शिवाय एक मोठी अडचण आहे. पिंगुळीच्या कलावंताला चित्रावर रेंगाळता येत होतं, कारण समोरच्यांना रामायण पाठ होतं. आजच्या मराठी प्रेक्षकांमध्ये अशी सामाईक गोष्ट उरली आहे का? पुण्यातल्या, परभणीतल्या आणि न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला एकसारखी ठाऊक असलेली कहाणी कोणती? ती नसेल तर दिग्दर्शकाला आधी गोष्ट सांगावी लागेल, आणि मगच तिच्यात थांबावं लागेल. कथेचा आग्रह धरणाऱ्यांच्या बाजूनं हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो.

आणि ‘पहेली’च्या शेवटाबद्दल मी जितका विचार करतो तितका पालेकरांविषयीचा आदर वाढतो. कथेत आणि ‘दुविधा’त भूत जातं, सून नवऱ्याच्या घरात राहते. पालेकर आणि गोखले यांनी ते बदललं: त्यांचं भूत नवऱ्याच्या देहात शिरतं आणि तिच्याकडे परत येतं. याला बाजारू तडजोड म्हणणं सोपं आहे. पण लोककथा सांगणारा प्रत्येक जण ती बदलत आला आहे, देथांनीही बदलल्या. तिला तिचा माणूस मिळावा असं म्हणणं ही निवेदकाची जुनी मुभा आहे आणि त्यात एक नैतिक भूमिका आहे. म्हणजे परंपरेचा एक धागा कौल यांच्या हातात होता आणि दुसरा पालेकरांच्या. माझी तक्रार एवढीच की त्या शेवटामुळे सुटका होते ती आपली. ‘दुविधा’त निवाडा झाल्यावर तिच्यावर जे ओझं पडतं ते आपल्यालाही घेऊन उठावं लागतं, आणि ते ओझं खरं आहे. बंद छागळीचा निर्णय देणाऱ्या मेंढपाळानं तिला काही विचारलं नव्हतं.

दोन्ही धागे एका हाती धरता येतात हे मराठीनंच दाखवलं आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) गोष्ट सरळ आहे: डुकरं पकडणाऱ्या घरातला जब्या, त्याचं शालूवरचं प्रेम, त्याची लाज. डुकराचा पाठलाग ऐन भरात आलेला असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. कुटुंब जिथल्या तिथे ताठ उभं राहतं आणि डुक्कर निघून जातं. पुढे मेलेलं डुक्कर खांद्यावरून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रं येतात. कथा म्हणून पाहिलं तर यातलं काहीही काढता येईल, पाठलाग तरीही पुरा होईल. पण कथेनं तोवर आपल्याला जब्याशी बांधलेलं असतं, म्हणूनच ती चौकट थांबली की आपण तिच्यातून नजर हटवू शकत नाही. इथे गोष्टीनं चित्रासाठी जागा तयार केली आहे.

मणी कौल पुण्याच्या ज्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटक यांच्यासमोर बसून शिकले, ती प्रभातच्या जागेवर उभी आहे. दामले-फत्तेलालांनी तुकाराम जिथे उभा केला तीच ती जागा. तिथे आणि जिथे जिथे पटकथा शिकवली जाते तिथे ‘दुविधा’ आणि ‘पहेली’ एका दिवशी, लागोपाठ दाखवावेत अशी माझी मागणी आहे. कोणता चांगला हे विद्यार्थ्यांना विचारू नये. निवाडा चालू असताना सून कुठे आहे, किती वेळ दिसते, आणि तिच्याकडे कोण पाहतंय, एवढंच दोन्ही चित्रपटांबद्दल लिहायला सांगावं.