घट, मुकुट आणि फियाट

आमच्या घरी 1968 सालची एक फियाट 1100 डिलाइट आहे. 'आहे' म्हणायचं ते आपलं नावापुरतं. तिची बॉडी उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे, इंजिन बोअरिंगसाठी लेथवाल्याकडं आहे, आणि दिवे, काचा, दारांच्या कड्या माझ्या जुन्या साड्यांत गुंडाळून आमच्या माडीवर ठेवल्या आहेत. आठ महिने असेच गेले.

ही गाडी मामंजींनी 1974 मध्ये दुसऱ्याकडून घेतली. त्या काळी नवी गाडी नोंदवली की वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, म्हणून जुनी घेतली. गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. ती कंपनी 1944 मध्ये काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरच्या दिगंबर जैन घरातले. त्यामुळं मामंजी गाडीबद्दल बोलताना जरा आपल्याच पाहुण्यांबद्दल बोलल्यासारखं बोलत.

नव्वदच्या सुमारास सासूबाईंचे गुडघे धरले. मागच्या सीटवर चढताना त्यांना आधार लागायचा. मामंजींनी एका फॅब्रिकेशनवाल्याकडून दाराजवळच्या खांबाला आतून एक लोखंडी हँडल वेल्ड करून घेतलं. दिसायला ओबडधोबड, बसच्या दांड्यासारखं. पण ते धरून सासूबाई पस्तीसेक वर्षं त्या गाडीत चढल्या, उतरल्या. मामंजी गेले, हँडल राहिलं. सासूबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत.

प्रश्न त्या हँडलचाच आहे.

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर ही गाडी 'ओरिजिनल' करायची आहे. 2023 च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, ते हे बघून आले. परीक्षक कसे वाकून वाकून स्क्रूसुद्धा तपासतात, कारखान्यातून आली तेव्हा नव्हती अशी वस्तू दिसली की गुण कसे कापतात, ते सगळं आम्हाला जेवताना सांगून झालं. म्हणजे हँडल काढायचं. खांब घासायचा, पुटीन भरायचं, रंग द्यायचा. तिथं काही होतं हे कुणाला कळूसुद्धा नये.

ह्या छंदाला मी नावं ठेवणार नाही. पूर्वी ठेवत होते. आता शेडमध्ये चार वेळा जाऊन आले आणि माझं तोंड जरा बंद झालं. वरचा रंग घासला तेव्हा खाली आकाशी निघाला, आकाशीखाली दुधी. मेस्त्रींनी डॅशबोर्डच्या आतली, कधी ऊन न लागलेली जागा दाखवून कुठला रंग पहिला ते सांगितलं. कुजलेला पत्रा तेवढाच कापून त्याच आकाराचा नवा तुकडा ते हातानं ठोकून बसवतात. मिळत नाही तो भाग लेथवर करून घेतात. बिघडलं की फेकून द्या, असं शिकवणाऱ्या ह्या दिवसांत एका वस्तूपाशी इतक्या धीरानं बसणं हासुद्धा एक संयमच आहे. आमच्या ह्यांनी घरातल्या नळाचा वायसर कधी बदलला नाही, पण कार्ब्युरेटर उघडून एकेक जेट पेट्रोलनं धुताना त्यांचा चेहरा पूजेला बसल्यासारखा असतो.

आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गेल्या दशलक्षण पर्वात आकिंचन्याच्या दिवशी मी परिग्रहपरिमाणाचं व्रत घेतलं. वहीत यादी करायला बसले. वाहनं लिहायची वेळ आली तेव्हा हे म्हणाले, "फियाट धरू नकोस त्यात. ती वस्तू नाही, घरातलं माणूस आहे." सगळे हसलो. पण पंडितजींचं प्रवचन कानात ताजं होतं. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून केली आहे. आपल्या बोलीत मूर्च्छा म्हणजे शुद्ध हरपणं. वस्तूपुढं माणसाची शुद्ध हरपली, की एक गाडीसुद्धा परिग्रह. ज्या वस्तूबद्दल आपण 'ही यादीत धरू नका' म्हणतो, नेमकी तीच यादीत पहिली लिहायला हवी.

जूनमध्ये सासूबाईंना गुडघ्याच्या डॉक्टरांकडं न्यायचं होतं. आदल्या रात्री चोरबाजारातल्या एका व्यापाऱ्याचा फोन आला, दाराखालची क्रोमची पट्टी सापडली म्हणून. हे रात्रीच्याच बसनं मुंबईला गेले. मी सासूबाईंना रिक्षानं नेलं. रिक्षात धरायला नीट काही नव्हतं. रिक्षावाल्यानं आणि मी दोन्हीकडून धरून त्यांना वर घेतलं. त्या काही बोलल्या नाहीत. पट्टी मात्र सुरेख होती.

मग 'ओरिजिनल' म्हणजे तरी काय, ह्याचा मी विचार करायला लागले. इंग्लंडच्या कोर्टात 1990 मध्ये ह्याच शब्दावरून एक खटला गाजला. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटले गाडी. हिनं 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढं शर्यतींसाठीच ती बदलत गेली. मोठं, आठ लिटरचं इंजिन बसलं, इतर भाग बदलले. 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तिला अपघात झाला, चालक क्लाइव्ह डन्फी जागीच गेले. नंतर तिच्यावर बंद टपाची बॉडी चढली. पुढं तिचा लाखो पौंडांचा सौदा ठरला, आणि घेणारे म्हणाले, ही ती गाडीच नव्हे! 1929 सालचं तिच्यात जवळजवळ काही उरलेलं नव्हतं, हे खरंच होतं. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला, की ही तीच गाडी. ती मोडून संपली आणि पुन्हा जुळवली असं कधी झालं नाही. बदलत बदलत ती सलग चालत आली. तिचा इतिहास कुठं तुटला नाही, म्हणून ती तीच.

हे वाचलं आणि मला लहानपणी पाठशाळेत ऐकलेला सोन्याचा घट आठवला. आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत दिलेला दाखला. सोन्याचा घट मोडून मुकुट केला. ज्याला घट हवा होता तो रडला, ज्याला मुकुट हवा होता तो हसला, ज्याला सोनं हवं होतं तो शांत राहिला. काही मोडतं, काही घडतं, काही टिकतं, आणि तिन्ही एकाच वेळी खरं असतं.

आमच्या घरी हे तिघे आहेतच. ह्यांना 1968 चा घट हवा आहे. गंमत अशी, की त्या साली गाडी आमची नव्हतीच. कुणा परक्याच्या दारातली ती कोरी गाडी परत आणण्यासाठी हे आपल्याच वडिलांच्या हातची खूण पुसायला निघालेत! पण मी तरी कुठं शांत होते? शेडमधल्या पोरानं हँडल भंगारातलं समजून त्यावर खडूनं फुली मारली, तेव्हा मी त्याच्यावर असा आवाज चढवला की मेस्त्री बाहेर आले. मला मामंजींच्या आठवणीचा मुकुट हवा होता. ह्यांची मूर्च्छा कंपनीच्या गाडीवर, माझी आमच्या गाडीवर. मूर्च्छा ती मूर्च्छाच.

माझ्या बाजूनं बोलायला मला मोठा साक्षीदारही मिळाला होता. जुन्या वाहनांची 'फिवा' ही जागतिक संघटना आहे. तिच्या तुरिन सनदेत म्हटलं आहे, की गाडी रोजच्या वापरात असताना तिच्यात झालेले बदल हा तिच्या इतिहासाचाच पुरावा असतो आणि ते जपावेत. गाडी जन्माच्या दिवसाला परत नेलीच पाहिजे असं नाही. हे मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "सनद राहू दे, गुण परीक्षक देतात." पुढं म्हणाले, "शिवाय विंटेज नोंदणी करायची आहे."

ती नोंदणी 2021 च्या नियमांनी सुरू झाली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. मग नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. हँडलशी त्या नियमांना काही देणंघेणं नसावं. पण पुढची अट वाचून मी थांबले. अशी गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. ह्यात गैर काही नाही. जुन्या इंजिनाचा धूर बघता आणि हवेतल्या जीवांचा विचार करता ती कमी चाललेलीच बरी.

गेल्या रविवारी सासूबाईंनी हट्ट धरला, मला गाडी बघायची आहे. नेलं त्यांना शेडमध्ये. मेस्त्री खडूच्या फुलीकडं बोट करून म्हणाले, "साहेब, आज नक्की सांगा. ह्ये ठेवायचं काय काढायचं?" ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनीच विचारलं,

"काढलास तर मी बस्तीला जाताना चढायचं कसं?"

शेडमध्ये कुणीच काही बोललं नाही. आठ महिन्यांत आम्हा दोघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. हे गाडीच्या भूतकाळाची काळजी करत होते, मी हँडलच्या. त्या हँडलला आजही एका जिवाचा हात लागतो, हे दोघांच्या ध्यानातून निघून गेलं होतं. सासूबाईंना घटही नको होता, मुकुटही नको होता. त्यांना बस्तीत जायचं होतं.

मला वाटतं, वस्तू जपण्यात आणि वस्तूत अडकण्यात जो फरक आहे तो इथं आहे. वस्तू जिवाच्या उपयोगी पडावी म्हणून आपण राबतो, तोवर ती सांभाळ. जीव वस्तूच्या सोयीनं वागायला लागला, की मूर्च्छा. बेंटलेचे इतके भाग बदलले तरी ती तीच राहिली, कारण बदल धावण्यासाठी होते. मामंजींनी हँडल लावलं ते आठवण राहावी म्हणून नव्हे. उद्या सासूबाई नसतील तेव्हा त्या हँडलचं काय करायचं, हे मला पुन्हा ठरवावं लागेल, आणि तेव्हा माझी खरी परीक्षा आहे.

खडूची फुली मेस्त्रींनी फडक्यानं पुसली. हँडल घासून त्याला दुधी रंग द्यायचं ठरलं. व्हीएचा अर्ज ह्यांनी कपाटात ठेवला आहे, फाडलेला नाही. मी माझ्या वहीत वाहनांपुढं 'फियाट, एक' असं लिहिलं.