पाव तसाच कसा राहिला?

मेक्सिकोत १ नोव्हेंबर हा वारलेल्या मुलांच्या आठवणीचा दिवस, २ नोव्हेंबर मोठ्यांच्या. घरात फोटो, मेणबत्त्या, खास पाव आणि झेंडू मांडतात. झेंडूच्या वासाने मृतांना घराची वाट सापडते, असे मानतात.

बालवाडीतल्या मुलांना हा सण सांगावा का? साखरेच्या कवटीला मूल घाबरेल असे मला वाटत नाही. ते ती चाटून संपवील. प्रश्न खरेपणाचा आहे. चार वर्षांच्या मुलाला मेलेला माणूस परत येईल असे सहज वाटते. ‘आज आजोबा येणार’ म्हटले, की ते दारात जाऊन बसेल.

म्हणून गप्प राहावे, हेही मला पटत नाही. ‘आजोबा गावाला गेले’ म्हणतो, तेव्हाही मूल वाटच पाहते.

मी आधी सांगेन: आजोबांचे शरीर थांबले, ते परत येणार नाहीत. मग त्यांचा फोटो मुलाच्या हातांनी मांडू देईन. पाव तसाच कसा राहिला, हे ते विचारीलच. मृतांनी वास घेतला, आता पाव आपला, असे तिथले लोक मानतात. ‘ते असे मानतात’ एवढेच मी म्हणेन, आणि पाव खाता खाता आजोबांना काय आवडायचे ते सांगेन. तेवढे मला पक्के माहीत असते.