नावाशेजारी

बसा. समोर खिडकीच्या उजेडात एक फुलदाणी आहे.

तिला एवढ्यात हात लावू नका. श्वास घ्या. सावकाश सोडा.

खाली दुधी, पिवळसर काच. तिच्यावर जांभळ्या काचेचा वेल. पानांच्या कडेला जांभळा रंग विरळ होत जातो आणि उजेड आरपार येतो. त्या कडेपाशी थांबा.

काच थरांची आहे. थरावर थर. पान हवं तिथे लेप लावायचा; उघडी राहिलेली काच आम्ल खाऊन टाकतं. फ्रान्समधल्या नान्सीला एमिल गाले यांच्या कारखान्यात अशा फुलदाण्या होत. 1904 साली ते गेले. पुढे काही वर्षं कारखाना त्यांच्या सहीसोबत एक छोटी चांदणी काढत असे.

वेलीखाली सही आहे. गाले. चांदणी नाही.

मनात काहीतरी टुणकन उडी मारतं. मारू द्या. पुन्हा खाली बसू द्या.

डोळे मिटा. आता बोट ठेवा.

पानावरून देठावर, देठावरून अक्षरावर. उंची तीच. पान आणि अक्षर एकाच थरातून निघालेत. हे बरं लक्षण. पण घाई नको.

फुलदाणी हलकेच उलटी करा. तळावर ओरखडे आहेत. वर्षानुवर्षं उचलून ठेवल्याचे ओरखडे वेडेवाकडे पडतात, कुठूनही कुठेही. हे सगळे एकाच दिशेने चाललेत, पॉलिशपेपर फिरवल्यासारखे.

श्वास घ्या. सोडा.

पुन्हा नावाकडे या. शेवटच्या अक्षराच्या पुढे सरका. अगदी थोडंसं.

इथे बोट किंचित खाली जातं. आजूबाजूची काच रेशमी लागते. ही नुसतीच गुळगुळीत.

इथेच राहा.

इथे तीन रोमन अक्षरं होती. टी, आय, पी. टिप. रुमानियन भाषेत टिप म्हणजे प्रकार, धाटणी. रुमानियात गालेंच्या धाटणीच्या फुलदाण्या झाल्या आणि नावाशेजारी तसं लिहिलंही गेलं. घडवणाऱ्याने काही लपवलं नव्हतं. मला तर त्या कारागिराचा हात चांगला वाटतो. ती तीन अक्षरं नंतर कुणीतरी घासून काढली.

फुलदाणी सरळ ठेवा. उजेड पानांतून अजून येतोच आहे.

बोट त्या खळग्यात असू द्या. काच गार आहे. हळूहळू ती बोटाइतकी ऊन होते.