त्याला कसं सांगायचं?

बसा थोडं. फोन पालथा घाला. व्हिसाची फाइल, सामान नेणाऱ्या कंपनीचं कोटेशन, म्युनिकच्या घरमालकाचा ईमेल, सगळं टेबलावरच राहू दे. कुत्रा जिथे पसरला असेल तिथे, जमिनीवरच, त्याच्या शेजारी बसा. हात त्याच्या बरगड्यांवर हलका ठेवा. श्वास वर येतो, खाली जातो. काही मोजायचं नाही. पुण्यातलं हे घर सुटणार आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि याला नाही, एवढंच मनात येऊ द्या.

बाकीच्यांना सांगता आलं. आई आधी गप्प झाली, मग लोणच्याची बरणी विमानात चालते का, असं विचारू लागली. मुलगी रडली, मग तिकडे बर्फ कधी पडतो ते शोधत बसली. याला सांगायला मात्र आपल्याकडे शब्द नाहीत. आहे ती फक्त सवय, आणि सवय लावायला दिवस लागतात. परदेशी न्यायच्या जनावराची सगळी तयारी मला तरी याच नजरेने पाहावीशी वाटते. कागद आपल्यासाठी, दिवस त्याच्यासाठी.

चिपपासून सुरुवात करू. मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली बसते ती, तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. तिच्यात बॅटरी नाही, जीपीएस नाही. कुत्रा हरवला तर तो कुठे आहे हे ती सांगणार नाही. यंत्र जवळ धरलं की १५ आकडी क्रमांक दाखवते, काम संपलं. गल्लीत त्याला तीन-चार नावं असतील. तुम्ही ठेवलेलं एक, वॉचमनचं वेगळं, समोरच्या आजी हाक मारतात ते आणखी वेगळं. सीमेवर मात्र तो हा क्रमांकच. आणि इथला क्रम मनात पक्का बसू द्या: आधी चिप, मग रेबीजची लस. दोन्ही एकाच दिवशी चालतात, पण चिप आधी. चिपच्या आधी टोचलेली लस युरोपीय संघ धरत नाही, कारण ती याच कुत्र्याला टोचली होती याला पुरावा काय? दरवर्षी नेमाने लस देऊन पुस्तकात शिक्के जमवलेली माणसं नेमकी इथे अडतात आणि पहिल्यापासून सुरुवात करतात.

लसीनंतर किमान ३० दिवस जाऊ द्यायचे. मग रक्त काढायचं, ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासायचं. प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त हवं. ते आलं तरी लगेच निघता येत नाही. रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. भारतातून जाणाऱ्या कुत्र्यामांजराला हे चुकत नाही.

इथे राग येतो. येऊ द्या, आणि त्याच्याशेजारीही जरा बसा. कुत्रा ठणठणीत, अहवाल चांगला, मग तीन महिने कशासाठी?

रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेवरून नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर जनावर जेवतं, खेळतं, दारात शेपूट हलवत उभं राहतं. रक्तात प्रतिपिंडं सापडली तर लस लागू पडली एवढं कळतं. लस टोचायच्या आधीच विषाणू आत शिरला होता का, हे रक्त सांगत नाही. ते दिवस गेल्यावरच कळतं. पलीकडे कोण उभं आहे तेही पाहा. जर्मनीत १९८३ पासून कोल्ह्यांसाठी लस भरलेली आमिषं जंगलात टाकली गेली, पुढे विमानांतूनही, आणि २००८ मध्ये तो देश जमिनीवरच्या प्राण्यांतल्या रेबीजपासून मुक्त ठरला. आपल्याकडे अजूनही माणसं कुत्रं चावून मरतात. तेव्हा त्यांच्या भीतीला तुसडेपणा म्हणणं अन्यायाचं होईल. २०१२ पूर्वी भारतातून ब्रिटनला जाणारा कुत्रा सहा महिने क्वारंटीनमध्ये काढत असे, मालकापासून दूर, अनोळखी माणसांच्या हातचं खात. तुम्हाला तीन महिने थांबायचं आहे ते स्वतःच्या घरात, त्याच्यासकट. हा सौदा वाईट नाही.

मग या महिन्यांचं करायचं काय? क्रेट, म्हणजे त्याचा प्रवासाचा पिंजरा, घरी आणायचा. निघायच्या आठवड्यात आणून उपयोग नाही, रक्त दिलं त्या आठवड्यात आणा.

विमान कंपन्या ज्या आंतरराष्ट्रीय नियमांवर चालतात ते मापाबाबत साधे आहेत: आत जनावराला सरळ उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, अंग टाकून झोपता आलं पाहिजे. कान छताला टेकता कामा नयेत. पाण्याचं भांडं बाहेरून भरता यायला हवं. एवढं जमलं की क्रेट दिवाणखान्यात ठेवा, दार काढून. त्याची जुनी चादर आत टाका आणि त्याला काही म्हणू नका. तो हुंगेल, निघून जाईल. दोन दिवस ढुंकून पाहणार नाही. मग दुपारी कधीतरी तुम्ही स्वयंपाकघरातून याल तेव्हा पुढचे दोन पाय आत असतील. नंतर जेवणाची थाळी आत सरकवा. मग दार बसवा, उघडंच ठेवा. मग क्षणभर लावा आणि त्याने कुरकुर करायच्या आत उघडा. नंतर जरा जास्त वेळ. मग दार लावून शेजारी वाचत बसा. मग दुसऱ्या खोलीत जा. क्रेट गाडीत ठेवून एक्स्प्रेसवेने लोणावळ्यापर्यंत नेऊन आणा. आणि काही झालं तरी शिक्षा म्हणून त्यात कधी कोंडू नका.

यातून तो काय शिकतो? बंद झालेलं दार उघडतं, एवढंच. त्याला सांगायचं होतं तेही एवढंच होतं.

विमानाच्या पोटात जिथे क्रेट ठेवतात तिथे हवेचा दाब प्रवाशांच्या केबिनसारखाच असतो, तापमानही सांभाळलेलं असतं. अंधार असतो आणि आवाज असतो. मुंबई ते फ्रँकफर्ट साधारण नऊ तास. हे नऊ तास डोळे मिटून एकदा मनात काढून पाहा, त्याच्या जागी बसून. त्याच्याजवळ तेव्हा काय असेल? न धुतलेला तुमचा टी-शर्ट असेल. भांड्यात आदल्या रात्री गोठवलेलं पाणी, हळूहळू सुटत जाणारं. गुंगीचं औषध नको. सांगणारे सांगतात, शेजारी तर हमखास सांगतात, पण त्या औषधाने रक्तदाब उतरतो, तोल जातो, श्वास मंदावतो, आणि खाली पाहायला कोणी नसतं. ती गोळी बहुतेक वेळा आपल्या काळजीवर असते. त्यापेक्षा आपण पाणी पिऊन शांत बसलेलं बरं.

आता एक अवघड प्रश्न. घाई नको, उत्तर आजच यायला हवं असंही नाही. त्याला नेणं हे कोणासाठी आहे?

पग असेल, बुलडॉग असेल, पर्शियन मांजर असेल, तर ती चपट्या नाकाची जनावरं धापा टाकून अंगातली उष्णता नीट बाहेर टाकू शकत नाहीत. मे महिन्यातल्या मुंबईच्या धावपट्टीवर हे जिवावर बेतू शकतं, म्हणून बऱ्याच कंपन्या त्यांना घेतच नाहीत. तेरा वर्षांचं मांजर असेल, मूत्रपिंड थकलेलं, दिवसभर एका खिडकीशी बसणारं, तर त्याचं जग ती खिडकी आहे. आजी-आजोबांकडे ते आनंदाने राहणार असेल तर तिथे ठेवणं म्हणजे त्याला टाकून देणं नव्हे. मी तर म्हणेन, अशा मांजराला न्यायचा हट्ट हेच आपलं अप्पलपोटेपण. मात्र ठेवायचं ते विचारून, खर्चाची आणि डॉक्टरची सोय लावून. ‘तोवर सांभाळा’ असं मोघम म्हणून नाही. पिंजऱ्यात हिरवा पोपट असेल तर प्रश्नच मिटला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो इथेही पाळता येत नाही.

तरणा, धडधाकट देशी कुत्रा असेल, तुमच्या पावलांवर पाऊल टाकत चालणारा, तर न्या. जर्मनीत त्याला गल्लीतले शत्रू मिळणार नाहीत, रात्री अकराला भुंकायला सोबती नाही. पालिकेत नोंद करून त्याचा करही भरावा लागेल. रेल्वेत मोठ्या कुत्र्याला तोंडाला जाळी लागते. ती इथेच विकत घ्या आणि क्रेटसारखीच, खाऊ देत देत, ओळखीची करा.

शेवटचे कागद थोडक्यात. निघायच्या आधी मुंबईतल्या केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध केंद्रात तपासणी आणि प्रमाणपत्र. युरोपीय संघाचं आरोग्य प्रमाणपत्र दिल्यापासून १० दिवसांच्या आत सीमा गाठायची. मालक आणि जनावर यांच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर नको. हे वेळच्या वेळी होतं, एजंटही करून देतात. आधीचे महिने मात्र कोणी करून देत नाही.

आणि जायचं अजून पक्कं नसेल तरी सुरुवात करा. पुढच्या लसी वेळेवर देत राहिलात तर रक्ताचा तो अहवाल युरोपीय संघासाठी पुढेही चालतो, चिप जन्मभर राहते, काहीच वाया जात नाही. ऑफर लेटरची वाट पाहत बसू नका. या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या, आणि टेबलावर त्याला चढवलंत की आधी चिप बसवायला सांगा.