नाव पुंडलिक

माउली, पुंडलिक हे मूळ संस्कृत पुंडरीक, म्हणजे पांढरे कमळ. लोकांच्या जिभेवर ‘र’चा ‘ल’ झाला. आपल्या गजरात हे नाव विठ्ठलाच्याही आधी येते. चंद्रभागेचे स्नान झाले की वाळवंटात पुंडलिकाचे दर्शन, मग देवाचे, असा वारकऱ्याचा क्रम.

पोराने म्हातारपणी सांभाळावे, या आशेने हे नाव ठेवणारे पुष्कळ. त्यांनी कथा पुरती ऐकावी. हाच पुंडलिक आधी आईबापांना छळत होता. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. (कीर्तनात हा भाग बहुधा घाईने उरकतात. श्रोत्यांना विटेची ओढ असते.) वाल्याचा वाल्मीकी झाला, तेव्हा नावही पालटले. पुंडलिकाचे तसे नाही. छळत होता तेव्हाही पुंडलिकच, पाय चेपत बसला तेव्हाही पुंडलिकच.

मग नावाने सेवा येते, असे कसे म्हणावे? आणि आईबापांनी ती हक्काने मागावी काय? मला तरी तसे वाटत नाही. देव दारी आला तेव्हा आईबापांनी ‘आम्हाला सोडून उठू नकोस’ असे म्हटले नव्हते. वीट त्याने आपणहून सरकवली.